गौर अजून घरात आहे

बर दुबई,
१२ सप्टेंबर १९९८

प्रिय सुची,

तुझं जाड पाकीट परवा मिळालं. तुम्ही दोघं मजेत असाल. इथे उकाडा अजून हटत नाही. दत्तप्रसादांचं ऑफिस, वेदांगच्या टेस्ट, सगळं चालू आहे.

शाळेच्या स्मरणिकेसाठी जोसाया हॅलमवर लिहिलेला तुझा लेख वाचला. शेजारच्या चर्चमधल्या त्या संगमरवरी बाईच्या पायाशी बसून आपण चिंचा खायचो, सिस्टर ओरडायच्या. कर्नलची बायको, एवढंच आपल्याला ठाऊक. तिला घडवणारा हॅलम इंग्लंडातल्या एका खेड्यात बसून, हिंदुस्तानात वारलेल्या माणसांचे पुतळे बोटीने पाठवायचा, आणि त्यातलं एकही माणूस त्याने पाहिलेलं नसायचं, हे आता कळलं. केस कसे, बांधा कसा, नातेवाईक पत्राने कळवायचे. तो तसंच घडवायचा. पण त्याची मुलगी गेल्यावर प्रत्येक बाईला तिचाच चेहरा येऊ लागला. लोक म्हणायचे, "ही आमची शार्लट नव्हे." पुतळा तो परत घ्यायला तयार असायचा, चेहरा बदलायला नाही. आणि मुलीच्या स्वतःच्या थडग्यावर नुसती सपाट शिळा.

याला वेड म्हणावं का, असं तू विचारतेस. मला नको विचारूस.

मार्चमध्ये शुभ्रा गेल्यावर तू फोन केलास तेव्हा मी घेतला नाही. लेकीचं नाव तुझ्या तोंडून ऐकवलं नसतं. तिला इथल्याच स्मशानात नेलं. अस्थी नाशिकला गेल्या. हात ठेवायला इथे काही उरलं नाही.

गौरीचा मुखवटा मी दरवर्षी शाडूचा करते, साच्याशिवाय. वर्षाच्या आत सण नको, असं दत्तप्रसाद म्हणाले. मी ऐकलं नाही. शेजारच्या सूर्यकांतची बायको हळदीकुंकवाला आली, गौरीकडे पाहिलं आणि तबक खाली ठेवून रडायला लागली. तोवर मला दिसलंच नव्हतं. शुभ्रा सायकलवरून पडल्याची भुवईतली खोकसुद्धा बोटांनी करून ठेवली होती.

विसर्जन मी होऊ दिलं नाही. शुभ्राच्याच ओढणीत गुंडाळून कपाटात ठेवली.

"पितृपक्षात कुणी गौर घरात ठेवतं का, सुमेधा? खलास, आता पुरे," असं म्हणून दत्तप्रसाद आतल्या खोलीत निघून गेले. वेदांग म्हणाला, "आई, प्लीज. बाबा कान्ट टेक इट."

काल दत्तप्रसादांनी बाथरूममध्ये बादली भरली आणि शेजारी स्टूल टाकून बसले. मला हाक मारली नाही. बराच वेळ पाण्याचा आवाजही आला नाही, तेव्हा मी कपाटातून गौर काढून घेऊन गेले. शुभ्राची हनुवटी त्यांच्यावरच गेली होती. मी मुखवटा पुढे केला.

"तू सोड," ते म्हणाले.

"दोघं."

आधी नाक गेलं, सुची. मग भुवई. ओठ बराच वेळ राहिले.

आज गाळ तळाशी बसला आहे, वर पाणी अगदी स्वच्छ. कुंडीत ओतायचं असतं. दोघांपैकी कुणी ओतलेलं नाही.

चर्चमध्ये गेलीस की त्या बाईच्या गालावर हात ठेव. जरा वेळ ठेव. माझ्यासाठी.

तुझी सुमेधा,
शुभ्राची आई