उशिरा कळवलेली बातमी

प्रिय दादा,

बाबांचं तेरावं उरकल्यावर तू फोन केलास. "तू तिकडे चीनमध्ये एकटी. उगाच हाय खाल्ली असतीस." मी बरं म्हटलं आणि योगाचा क्लास घ्यायला गेले. लिशुई इतकं शांत आहे की शेजारचा नळसुद्धा ऐकू येतो, त्यामुळे घरी रडले नाही.

कुणीतरी तुला शिव्या द्यायला हव्या होत्या. म्हणून संध्याकाळी घरमालकीण फांगमावशींना सगळं सांगितलं. त्या नदीकाठी खडूनं गोल आखून परलोकात खर्चायला पाठवतात त्या खोट्या कागदी नोटा जाळत होत्या, गेल्या महिन्यात वारलेल्या सासूबाईंसाठी.

"भाऊ शहाणा आहे तुझा," त्या म्हणाल्या. "लांबच्या पोरांना चांगलं तेवढंच कळवावं. आणि जेवलीस का? नुसती काडी झालीयेस. कोण करणार तुझ्याशी लग्न?"

तेवढ्यात त्यांच्या मुलाचा कॅनडाहून व्हिडिओ कॉल आला. त्याची परीक्षा चालू आहे. मावशी जाळापासून बाजूला सरकल्या.

"आई, आजीला दे ना."

"झोपलीय."

"रोजच कशी झोपलेली असते?"

मावशींनी मोबाइल माझ्या हातात कोंबला. "हिला विचार. आपल्या वरच राहते."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"आत्ताच भात खाऊन झोपल्या," मी म्हटलं. भाताचं मला कुणी सांगितलं नव्हतं. तो हसला.

हे पत्र मी पाठवत नाहीये. फक्त एक विचारायचं होतं. त्या तेरा दिवसांत मी बाबांची चौकशी केली, तेव्हा तू म्हणालास, पोहे खाऊन फिरायला गेलेत. ते पोहे तुला ऐनवेळी सुचले का रे?

तुझी,
केतकी