आबांच्या गोळ्या

गोरेगाव पूर्व,
१६ नोव्हेंबर १९८६

चि. माणिक,

आशीर्वाद. बडोद्याला तुम्ही सगळे मजेत आहात हे पत्रावरून कळलं. दोन पानं नव्या स्कूटरवर आणि आबांबद्दल एक ओळ: "म्हातारपणी होतं असं, बदाम भिजवून दे." दिले असते रे. पण परवा त्यांनी साबणाची वडी चावली. बदाम कुठला आणि साबण कुठला, हे आधी तू येऊन त्यांना समजावशील का?

गणपतीत दोन दिवस आलास. आबांनी तुला लवू म्हणून हाक मारली, त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावाने. तर तू म्हणालास, "नाटकं करतात." तीस वर्षं स्टुडिओत सेट उभे करणारा सुतार पेचकस उलटा धरून दाराच्या कडीपाशी बसला होता. तुला ते नाटक वाटलं. शहाणा आहेस.

मंगळवारी त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कार्डिओग्राम काढला, बराच वेळ मनगट धरून बसले. म्हणाले, "ठोके अनियमित पडतायत. अशाने हृदयात रक्त साकळतं, बारीक गुठळ्या मेंदूत जातात. मधूनच एखाद्या दिवशी एकदम गोंधळायचे का?"

मी हो म्हटलं.

"त्या प्रत्येक वेळी मेंदूचा थोडा थोडा भाग गेला असेल. खात्रीने नाही सांगता येत, पण असे पेशंट मी पाहिलेत. नाडी आधी कोणी तपासली नव्हती?"

तपासली होती. तीन वर्षांपूर्वी, नाक्यावरच्या डॉक्टरांनी. गोळ्या दिल्या, दर महिन्याला दाखवायला सांगितलं. तेव्हा तू, कारखान्यातला फोरमन, जेवता जेवता निदान केलंस: "छातीत दुखत नाही, दम लागत नाही, मग गोळ्या कशाला? डॉक्टरांचे धंदे सगळे." हेच मी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. भावाने बंद करायला लावल्या, म्हटलं.

ते खोटं होतं. तू बोललास आणि बडोद्याला निघून गेलास. बंद मी केल्या. शाळेत दिवसभर मुलांपुढे ओरडून पुन्हा दवाखान्यात ताटकळायचा मला कंटाळा आला होता. तुझं बोलणं सोयीचं पडलं. आबांनी दोनदा विचारलं, "सुले, माझी गोळी?" मी म्हटलं, "आता नको सांगितलंय."

आणि परवा, म्हणजे हे सगळं कळल्यावर, साबण तोंडातून काढताना मी त्यांच्या थोबाडीत मारली. ते रडले नाहीत. शर्टाचं बटण सारखं करत म्हणाले, "बाई, माझी मुलगी शाळेतून आली की मला घरी नेईल. तोवर बसू द्या इथे."

गोळ्या पुन्हा सुरू केल्यात. गेलेलं परत यायचं नाही, असं डॉक्टर म्हणतात.

नाताळात येतो लिहिलंस. आजारी बापाला भेटून आलो असं चारचौघांत सांगण्यासाठी येणार असशील तर नको. पंधरा दिवस राहून त्यांना आंघोळ घालणार असशील, भरवणार असशील, तर ये. नाताळची वाट बघू नकोस. त्यांच्याजवळ एकटीने राहायची मला भीती वाटते. त्यांची नाही, माझी.

तुझ्याच वळणाची निघालेली,
सुलक्षणाताई