डॉक्टरबाईंच्या गाडीचा लाल दिवा

२१ सप्टें. ९९, मंगळ.
बाईंच्या गाडीचा मागचा दिवा आज दुसऱ्यांदा जळाला. चोवीस एलईडी, एकेक हातानं सोल्डर केलेला. पाच मिनिटं लालभडक, मग वास, मग काळं. इंजिन चालू झालं की बॅटरीचे बारा व्होल्ट चौदा होतात, हे पंचवीस वर्षं मोटारींची वायरिंग करणाऱ्याला कुणी शिकवायचं? रसूल मुलाणी, ऑटो इलेक्ट्रिशियन, इस्लामपूर. पाटी उतरवून ठेवावी.

चूक माझ्या तोंडाची. गेल्या महिन्यात पेठ नाक्यावर एक ट्रॅक्टर बाईंच्या गाडीत मागून घुसता घुसता राहिला. बाई म्हणाल्या, मागच्या काचेत ब्रेकबरोबर लागणारा जादा दिवा बसवा. साधा बल्ब बसवून मोकळं व्हायचं. पण नाही. मी म्हणालो, बाई, बल्बनं काच तापते, टेपरेकॉर्डरवर असतात तसले लाल दाणे लावतो, थंड, करंट खात नाहीत. आता खा म्हणावं.

२२ सप्टें., बुध.
जमलं!! डॅशबोर्डच्या खाली कंपनीच्या वायरिंगमध्ये मीटर लावत बसलो होतो, एक वायर सापडली, तयार पाच व्होल्ट. चावी फिरवली की येते, इंजिन चालू असो नसो, पाचच. आमच्या दाण्यांना हवं तेवढंच. तिथून घेतलं, मध्ये रिले टाकला, ब्रेकचा पाय पडला की दिवा. टेप असा गुंडाळला की कंपनीवाल्यालाही ओळखू येऊ नये.

सदा ड्रायव्हर मागं उभा राहून बघत होता. "रसूलभाई, लय झ्याक. आता ट्रॅक्टरवाला आंधळा असला तरी थांबंल."

२५ सप्टें., शनि.
सदा आला. "गड्या, ब्रेक दाबला की मरती ही. दर बारीला न्हाई, पर मरती."
नवी गाडी. कार्बोरेटर नाही, सगळा कारभार कॉम्प्युटरचा. म्हटलं, तू वीस वर्षं ट्रक हाणलास, हिला हलका पाय लागतो.
"पाय हलकाच हाय."
"मग क्लच वेळेवर दाब."
गेला. तोंड पाडून.

२९ सप्टें., बुध.
परत तेच. आज मी स्वतः बसलो शेजारी, ताकारीपर्यंत गेलो. दोनदा मेली, दोन्ही वेळा थांबताना. मोकळ्या रस्त्यावर एकदम गुणी. प्लग बघितले, पेट्रोल फिल्टर बघितला, बॅटरीची टोकं घासली. काही नाही. सदा म्हणतो, "दिवा बसवल्यापासनं हाय हे."
चिडलो. दिवा मागच्या काचेत, इंजिन पुढं. दिव्याचा नि इंजिनाचा संबंध काय? उद्या म्हणशील हॉर्न वाजवला म्हणून टायर पंक्चर झाला.
रस्त्यातल्या लोकांसमोर बोललो. तेवढं नको होतं.

४ ऑक्टो., सोम.
बाईंनी गाडी सांगलीला कंपनीच्या वर्कशॉपला धाडली. सदाबरोबर मी. तिथला इंजिनिअर, इस्त्रीचा शर्ट, पंचविशीतला, बॉनेटला हात न लावता डॅशबोर्डवरचा दोष दाखवणारा पिवळा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजत बसला. निकाल: थ्रॉटल सेन्सर गेला. ॲक्सिलरेटर किती दाबला हे कॉम्प्युटरला सांगणारी काळी डबी, अंगठ्याएवढी. ती खोटं सांगते म्हणून इंजिनाला पेट्रोल कमी पडतं. नवी डबी पुण्याहून मागवावी लागेल. केव्हा येईल? "सांगता येत नाही." तोवर? "सांभाळून चालवा."

सांभाळून चालवा. हे ऐकायला अख्खा दिवस घालवला.

पण खरं लिहायचं तर येताना हलकं वाटलं. डबी खराब. माझं काही नाही. गाडीत बाहेरून काही बसवलंय का हे त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सदानं माझ्याकडं एकदा बघितलं, तोही गप्प.

९ ऑक्टो., शनि.
डबी नाही आली. सांगलीला फोन, "सोमवारी करा."

१२ ऑक्टो., मंगळ.
"गुरुवारी करा."
त्या टेलिफोनलाच एक दिवा जोडून द्यावा, सोमवार-गुरुवार आपोआप बदलणारा.

१४ ऑक्टो., गुरु.
वाईट झालं. बाई शिराळ्याच्या दवाखान्यातून परत येत होत्या. मागच्या सीटवर एक पोरगी, बाळंतपणात अडलेली, इस्लामपूरला ऑपरेशनला आणायची. सोबत तिची सासू. पेठच्या अलीकडं उतारावर म्हशी आडव्या आल्या, सदानं ब्रेक दाबला, गाडी मेली. मग चालूच होईना. दुपारचं ऊन, ती पोरगी ओरडतेय, सासू सदाला शिव्या घालतेय. शेवटी एक वडापची, भाड्यानं माणसं नेणारी जीप थांबवली, माणसं उतरवली, तिला उचलून आडवी घातली. पोचल्या. मुलगी झाली. दोघी ठीक आहेत.

ठीक आहेत म्हणून लिहितोय. नसत्या तर—

१५ ऑक्टो., शुक्र.
बाई स्वतः दुकानात आल्या. एरवी निरोप धाडतात. खुर्ची पुसून दिली, बसल्या नाहीत.
"मुलाणी, मला एकच सांगा. गाडीचा दोष की माणसाचा?"
म्हणालो, सेन्सर खराब आहे, सांगलीनं सांगितलंय.
"ते मला माहीत आहे. पण सेन्सर खराब असून सांगलीहून तुम्ही सोबत होतात तेव्हा घरापर्यंत आली. काल का आली नाही?"
त्या घटकेला सरळ म्हणायचं होतं, मला समजत नाही. एवढे तीन शब्द. त्याऐवजी तोंडातून गेलं, "सदाचा पाय जड आहे बाई. ट्रकची सवय."
मान हलवून गेल्या.

बायको, शमीम, आतून ऐकत होती. जेवताना म्हणाली, "सदाभाऊ असं चालवतात होय? आमाला शिराळ्याला नेलं तवा पोटातलं पाणी हाललं न्हाई."
भाजीत मीठ कमी आहे म्हणालो.

१८ ऑक्टो., सोम.
बाईंनी सदाला काढलं. सहा वर्षांचा माणूस. मला गावच्या चहावाल्याकडून कळलं. सदा दुकानावरून गेला, थांबला नाही.
बाई आता स्वतःच चालवतात.

२२ ऑक्टो., शुक्र.
सदा विट्याला गेला म्हणे. तिथल्या मेव्हण्याच्या ओळखीचा एकजण आहे, त्याचं तमिळनाडूत मदुरेला सोनं गाळायचं, म्हणजे शुद्ध करायचं दुकान. तिथं मालकाची गाडी चालवायची, दुकान राखायचं. मदुरे! याला धड हिंदी येत नाही, तिथं तर हिंदीही कामाची नाही. बायको आणि पोरी इथंच, शिराळ्याजवळच्या वस्तीवर.
गिऱ्हाईक समोर होतं, ट्रॅक्टरचा डायनॅमो. तीनदा वायर उलटी जोडली.

२६ ऑक्टो., मंगळ.
आली एकदाची डबी. सांगलीला नंबर लागायला अजून आठवडा, म्हणून बाई म्हणाल्या तुम्हीच बसवा. दोन स्क्रू, एक सॉकेट. दहा मिनिटांचं काम, त्याच्यासाठी तीन आठवडे.
बाई चावी घेऊन गेल्या. अर्ध्या तासानं गाडी ढकलत आली. ढकलायला भाजी मंडईतले चार हमाल.
बाई उतरल्या. घाम पुसला. आवाज चढवला नाही, त्याचीच भीती वाटली.
"नवी डबी आहे. सदा नाही. आता माझा पाय पण जड आहे का, मुलाणी?"

२७ ऑक्टो., बुध.
सकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. मीटर काढला. सेन्सरच्या सॉकेटला तीन वायरी, त्यातल्या एकीवर कॉम्प्युटर पाच व्होल्ट पाठवतो. मोजले, पाच. बरोबर. मग कुणीतरी ब्रेक दाबायला हवा. शमीमला हाक मारली. ती पिठाच्या हातानं आली, चप्पल बाहेर काढून गाडीत बसली.
"कुठला पाय?"
"उजवा. मधलं पेडल."
दाबलं. मागं दिवा लागला, लाल, सुंदर. आणि मीटरचा काटा खाली. साडेतीन.
"सोड." पाच.
"दाब." साडेतीन.
किती वेळा दाबायला लावलं कुणास ठाऊक. शेवटी ती म्हणाली, "पाय दुखला, काय झालंय ते तरी सांगा."

तीच वायर. माझी तयार पाच व्होल्टची वायर ही सेन्सरची वायर. चोवीस दाणे ब्रेकबरोबर तिच्यातूनच ओढायचे, कॉम्प्युटर बिथरायचा, इंजिन मरायचं, आणि ब्रेकवर पाय तसाच असला तर परत चालूही व्हायचं नाही. जुनी डबीही चांगली होती. सांगलीचा पिवळा दिवाही खोटं बोलत नव्हता, त्या वायरीत घोटाळा आहे एवढंच सांगत होता. आणि सदा. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यानं. ब्रेक दाबला की.

जोड तोडला. गाडी चालू केली, शमीमला वीस वेळा ब्रेक दाबायला लावला. एकदाही मेली नाही.
मी शमीमला सांगितलं. ती उठून पिठाचे हात धुवायला गेली.

२८ ऑक्टो., गुरु.
गाडी बाईंकडं पोचवली. "झालं" म्हणालो. काय झालं हे सांगितलं नाही. बाई ओपीडीत होत्या, गर्दी होती. ही सबब.

३० ऑक्टो., शनि.
सबबीवर दोन दिवस काढले. आज गेलो. बाकीचे पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिलो. कंपाउंडर दोनदा म्हणाला, तुमचं काय दुखतंय.
सगळं सांगितलं. वायर, रिले, काटा, सदानं सांगितलेलं, मी त्याला रस्त्यात बोललेलं, त्या दिवशी दुकानात तुम्हाला म्हणालो तेही. बाई पेन खाली ठेवून ऐकत होत्या.
"तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं?"
"नाही. पण माहीत नाही हे माहीत होतं."
त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग, "काढलं मी. तुम्ही नाही. मी त्याला एक शब्द विचारला नाही." आणि मग चिडल्या, पहिल्यांदाच. "आणि सहा वर्षांत एकदाही न चुकलेला माणूस मी तुमच्या एका वाक्यावर काढला! कोण आहात तुम्ही?"
मी उठलो.
दारापर्यंत आल्यावर म्हणाल्या, "त्याचा पत्ता काढा. जागा त्याची आहे. आणि तो दिवा नीट बसवून द्या. ट्रॅक्टर अजून तसेच येतात."

२ नोव्हें., मंगळ.
विटा. एसटीत उभा, दोन तास. सदाच्या मेव्हण्याचं घर सापडेना. ज्याला विचारावं त्याचा भाऊ नाहीतर चुलता सोनं गाळायला बाहेरगावी. कुणाचा कोचीनला, कुणाचा कानपूरला, आणि प्रत्येकजण आपल्याच माणसाचा नंबर देतो. तीन वाजता एका म्हातारीनं बरोबर घर दाखवलं. मदुरेच्या दुकानाशेजारच्या एसटीडी बूथचा नंबर मिळाला. संध्याकाळी सातच्या पुढं, म्हणे, बोलावून आणतात.

३ नोव्हें., बुध.
सदाच्या वस्तीवर. आधी त्याच्या बायकोला सांगायचं ठरवलं. सदाला फोनवर सांगणं सोपं, म्हणून अवघड ते आधी.
पारूवहिनी शेंगा फोडत होत्या. पाणी दिलं. सांगून झालं तरी शेंगा फोडतच राहिल्या. थोरली पोरगी दारात उभी.
"म्हंजी त्यांची चूक न्हवती."
"नव्हती वहिनी. माझी होती."
"त्यांनी आमाला सांगितलं, माजाच पाय चुकला आसंल. रसूलभाई खोटं बोलायचा न्हाई."
यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं.
चहा विचारला नाही. बरोबरच आहे.

५ नोव्हें., शुक्र.
दिवा नव्यानं बसवला. या वेळी बारा व्होल्टवरून, स्वतःची फ्यूज, मध्ये व्होल्ट वाढू न देणारा रेग्युलेटर, कंपनीच्या एकाही वायरीला हात नाही. आधीच्या अडीच पट काम. इंजिन चालू ठेवून तासभर तपासला. आधी हे का नाही केलं? सोपं दिसलं ते घेतलं, म्हणून.
मदुरेला फोन: लाईन लागत नाही.

६ नोव्हें., शनि.
लागली. दुसऱ्या बाजूला कुणीतरी तमिळ. "सदा, सदा" म्हणून ओरडलो. त्यानंही काहीतरी ओरडून फोन ठेवला.

१० नोव्हें., बुध.
दिवाळी झाली. सदा आला नाही, नवीन माणसाला रजा नाही. फोन नाही. एसटीडीवाला मला बघूनच मान हलवतो.

१२ नोव्हें., शुक्र.
लागला. सदाच आला. मागं गाड्यांचा गोंगाट, दोघंही ओरडून बोलत होतो. असली गोष्ट ओरडून सांगायची म्हणजे. एसटीडीत रांग, सगळे ऐकतायत. ऐकू दे, रस्त्यात बोललो तेव्हाही लोक होतेच.
सगळं सांगितलं. बाई जागा धरून आहेत हेही.
पलीकडं नुसते गाड्यांचे हॉर्न. वाटलं फोन तसाच टाकून गेला.
"सदा?"
"हाय."
"शिव्या दे. काहीतरी बोल."
"हितं मालक बरा हाय रसूलभाई. जेवायला घालतोय. भाषा न्हाई कळत, म्हून कुणी बोल पण लावत न्हाई." हसला की काय कळलं नाही. "पारूला सांगितलंस?"
"आधी तिलाच."
"काय म्हनली?"
काय सांगू. म्हटलं, काही नाही म्हणाली.
"मग तिला इचार. ती म्हनंल तसं. मी आता माजं डोकं न्हाई चालवत." आणि परत थोडं थांबून, "तूच जा. बाईंस्नी पाठवू नगंस."
ठेवला.

उद्या पहिल्या एसटीनं शिराळा. पारूवहिनीसमोर परत उभं राहायचं आणि विचारायचं, बोलवू का त्याला. शमीम म्हणते, मी पण येते. नको म्हणालो. मग हो म्हणालो. पारूवहिनी नाही म्हणाल्या तर तेही सदाला मीच ओरडून सांगायचं.