मांडवभर आपलं गाणं

व्यंकट,

काल खजुरीला एका लग्नात बँडवाल्यांनी आपलं गाणं वाजवलं. कॅसेटच्या काळात आपण दोघांनी गायलेलं ते. तू मराठीत विचारायचास, मी कन्नडात उत्तर द्यायची. वाटलं, आता कुणाला येतंय! तर सगळे पुरुष तुझी ओळ म्हणायला लागले अन् बायांनी माझी उचलली. मी एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिले.

शेजारची अनोळखी पोरगी म्हणाली, "अक्का, येत न्हाई व्हय? माझ्यामागं म्हणा."

मी म्हटलं तिच्यामागं. आपलं लग्न दोन घरांना चाललं न्हाई, अन् आपलं गाणं साऱ्या मुलखानं आपलं केलं.

तुझ्या घरी त्या गाण्याचं नाव काढत न्हाईत म्हणं, म्हणून हे पत्र टाकणार न्हाई. पण कुठल्याही मांडवात तुझी ओळ म्हणून बघ. कन्नडात उत्तर येईल.

नेत्रावती