पाहुण्यांचा दगड

माय, तुझ्या दारातला दगड मी परवा हिंगोलीला आणला. भावाला विचारूनच आणला. तो म्हणाला, "आक्का, दगड कशाला नेऊन राहिलीस? हिंगोलीत काय दगड कमी पडले का?" म्हटलं, पाव्हणे येऊन राहिलेत. तर म्हणतो, "मंग त्यायला जेवू घाल. दगड काय खायचाय?" तुझाच लेक तो, बोलण्यात हार जायचा नाही. पण बोलता बोलता त्यानं पहार आणली, शेजारच्या दोघांना हाक मारली आणि खाली गोणपाट अंथरून दगड टेम्पोत चढवून दिला. दगड निघाला तिथं ओल्या मातीचा चौकोन उरला. भावजयीनं त्यावर लगेच एक पाट आणून ठेवला. मधेच कुणी आलं तर पाय कुठं धुतील, म्हणाली. तुझ्या हाताखाली शिकलेली सून आहे, तिला सांगावं लागत नाही.

पाहुणे म्हणजे भूवैज्ञानिक. माझ्यासारखेच, दगडांचं शिकलेले. दरवर्षी एका गावी सगळ्यांचं अधिवेशन भरतं. आजवर मोठमोठ्या शहरांत भरलं आणि मी आपली पिशवी घेऊन जात राहिले. मागच्या वर्षी पुढचं ठिकाण ठरवायची वेळ आली तेव्हा मी उठून म्हणाले, आमच्या हिंगोलीला या. मागून कुणीतरी विचारलं, हिंगोली कुठं आली? माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू. म्हटलं, तुम्ही रोज वरणात घालता ती हळद जिथून येते तिथं. जुनं गाव आहे, निजामाच्या काळातली छावणी आहे, जवळच औंढ्याचं दगडी देऊळ आहे, आणि पायाखाली लाव्हाचे थरावर थर आहेत. लोक हसले, टाळ्या वाजल्या, ठरलं. खाली बसले आणि मला घाम फुटला. हे बिघडलं असतं तर पुन्हा कुणी आमच्या दारात आलं नसतं, आणि माझी कॉलेजातली पोरं-पोरी माझ्यासारखीच जन्मभर दुसऱ्यांच्या दारात जात राहिली असती.

स्वागत माझ्याकडं होतं. आमच्या प्राचार्यांच्या मनात शाल, श्रीफळ, फेटे, सगळं नेहमीचं. मी म्हटलं, त्याआधी दारात पाय धुवायला पाणी, हातावर गूळ, मग बाकीचं. ते म्हणाले, "मॅडम, विमानानं येणाऱ्या माणसांना तुम्ही दारात पाय धुवायला लावणार? हसतील आपल्याला." मी त्यांच्याशी भांडले खरी, पण माय, घरी येऊन मलाही वाटलं की हसलेच तर? तरी दगड आणायचाच असं ठरवलं होतं, कारण पाहुण्याला कसं घ्यायचं याची मी दुसरी रीत कुठं पाहिलीच नाही.

अजून डोळ्यांपुढं तू दारात उभी आहेस. हाताला हळद लागलेली, पदर खोचलेला, दगडाशेजारी घंगाळ भरलेलं. येणारा कुणीही असो, तलाठी असो, गावातले मणियार चाचा बांगड्यांची पेटी घेऊन आलेले असोत, तुझं एकच, "पाय धुवा, गूळ खा, मंग बोला." तुझ्या सासूच्याही आधीपासून लोकांनी त्या दगडावर उभं राहून पाय धुतले. मी मात्र तुझ्यादेखत कधीच नाही. कॉलेजला शहरात गेले आणि पहिल्या सुट्टीत परत आले, पायात नवी सँडल. ऐटीत त्या दगडावर उभी राहिले आणि तांब्या उचलला. तू आतून आलीस आणि माझ्या हातातून तांब्या काढून घेतलास. "काहून गं? हा पाव्हण्याचा दगड हाय. घरच्यानं मागून यावं." मला इतका राग आला. एवढ्या लांबून आले, कुणी या-बसा म्हणावं असं वाटत होतं. फणकाऱ्यानं घराला वळसा घालून मागच्या दारानं आले, तर तू चुलीपुढं बसून माझ्यासाठी भाकर थापत होतीस. ताट पुढं सरकवलंस.

लग्नानंतरही तेच. जावयाचे पाय दगडावर, त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळलेला, आणि मला हात करून, "तू जाय मागून." हे अजून चिडवतात मला, तुझ्या माहेरी मान मला आणि भाकर तुला. तू गेलीस त्याच्या पुढच्या दिवाळीला मी गावी गेले आणि सवयीनं मागं वळायला लागले, तर भावजय पुढच्या दारात तांब्या घेऊन उभी. "आक्का, पाय धुवा." तिचं काय चुकलं? मायेनंच म्हणाली बिचारी. मी दगडावर उभी राहिले, पाय धुतले, गूळ खाल्ला आणि न्हाणीत जाऊन रडले. आता मी या घरची पाहुणी झाले, हे मला त्या पाण्यानं सांगितलं. तेव्हापासून मी मागच्या दारानं कधी गेले नाही.

काल सकाळी पहिली बस आली. अधिवेशनासाठी घेतलेल्या हॉलच्या दारात दगड, घंगाळ, तांब्या, टॉवेल, ताटात गूळ. माझा एक जुना विद्यार्थी, मणियार चाचांचा नातूच तो, सगळी व्यवस्था बघत होता. प्राचार्य घड्याळ बघत होते. सगळ्यात आधी एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उतरले, दक्षिणेकडचे, आमच्या विषयातले मोठे जाणते. दगडापाशी आले, वाकले. मला वाटलं बूट काढतायत. त्यांनी खिशातून भिंग काढलं. मग तांब्या उचलला आणि सगळं पाणी दगडावर ओतलं. ओला झाला की दगड नीट दिसतो ना, आमची सगळ्यांची खोडच आहे ती. बघता बघता बसमधले सगळे भोवती जमले, कुणी गुडघ्यावर, कुणी पालथं, आणि मी लहानपणी तांदळाचे दाणे समजून नखानं काढायला बघायचे त्या पांढऱ्या ठिपक्यांवर वाद सुरू. दुसरी बस आली, तीही तिथंच अडकली. आत समई वाट बघत होती. माझा विद्यार्थी माझ्या कानाशी आला. "मॅडम, हे तर दगडाचेच पाय धुवून राहिले. अजून पानी आणू का?" प्राचार्यांकडं बघायची माझी हिंमत नव्हती.

तेवढ्यात त्या गृहस्थांनी दगडाच्या मध्यावर तळवा फिरवला आणि हिंदीत विचारलं, कडा एवढ्या खरबरीत, मग मधेच हा इतका गुळगुळीत कशानं झाला? नदीतला तर वाटत नाही. मी म्हटलं, पायांनी. माझ्या आईच्या दारातला आहे, आलेल्यांनी यावर पाय धुतलेत. त्यांनी भिंग खिशात ठेवलं, खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले आणि दगडावर उभे राहिले. मी पाणी घातलं. हसलं कुणी नाही, माय. मागं रांग लागली. आमचे प्राचार्य टॉवेल देत होते, तू बघायला हवं होतंस.

मग मंचावर माझं स्वागताचं भाषण. लिहून नेलेलं बाजूला ठेवलं आणि तुझं सांगितलं. मी दगडांचं शिकणार म्हटल्यावर तू म्हणाली होतीस, "मंग आपल्या दारचा दगड कवाचा हाय ते सांग आधी." शिकून आल्यावर मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, माणूस नव्हता तेव्हाचा. तू भाकर उलथलीस आणि म्हणालीस, "आस्सं? मंग आपुनच त्याचे पाव्हणे की." सगळा हॉल हसला. मी म्हटलं, तर या गावात कुणी यजमान नाही, आपण सगळेच पाहुणे, या. टाळ्या थांबेचनात. पुढच्या वेळी पुन्हा इथंच घ्या, असं आत्ताच दोघंतिघं म्हणून गेलेत.

आज सगळे सिद्धेश्वर धरणाकडं खडक बघायला गेलेत. बसमध्ये जागा कमी पडली म्हणून मी मागं राहिले आणि हे लिहीत बसले. तुला वाचता येत नव्हतं, आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचे. हे कुठं टाकायचं नाही, माझ्यापाशीच राहील. दगड उद्या भाऊ येऊन नेईल.

एक तेवढं सांगायचं राहिलं. काल संध्याकाळी पाहुणे मुक्कामाला गेल्यावर मी हॉलवर विसरलेली पिशवी घ्यायला परत गेले. पुढचं दार सताड उघडं होतं, दगड ओला होता, घंगाळात पाणीही होतं. मी हॉलला वळसा घातला. मागं दार आहे की नाही हेही मला माहीत नव्हतं, पण होतं. तिथं स्वयंपाकाच्या बाई भांडी आवरत होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, इकडून काहून आल्या? पुढलं दार उघडं हाय की." म्हटलं, असू द्या. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, जेवल्या का विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ताट वाढलं. मी तिथंच चुलाणाशेजारी खाली बसून जेवले. मंचावर म्हणाले होते ना, आपण सगळेच पाहुणे, ते खोटं बोलले, माय.