ओढ्यातले डोळे

पप्पा, आपला ओढा अजून वाहतो आहे. तुमची पेपरमिल बंद पडली, तिथे आता फ्लॅट झाले, पण वेल्सच्या हद्दीवरच्या या गावातच मी अजून राहते. दुसरं मराठी बोलणारं घर इथे तेव्हाही नव्हतं, आताही नाही. त्यामुळे तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मनातल्या मनात तुमच्याशीच मराठी बोलायचं, दुसरं कोण आहे? लिहायला बसलं की मात्र शब्द अडतात. तेवढं चालवून घ्या.

नव्याच्या सणाची, आपल्या बेने इस्राएली ज्यू नववर्षाची दुपार आठवते. आईने सकाळपासून गव्हाच्या चिकाचा हलवा ढवळलेला, किचनच्या खिडकीवर वाफ साचलेली, आणि ओट्याला हात लावला की ओरडा. मग तुम्ही चांगला कोट घालून मला ओढ्यावर न्यायचात, तश्लीकला. वर्षभराची पापं वाहत्या पाण्यात झटकून टाकायची आपली रीत. ईलिंगची आत्या दरवर्षी फोनवर म्हणायची, "अरे, लंडनला ये ना, इथे आपली अख्खी कम्युनिटी आहे, थेम्स आहे. तिकडे एकटाच काय करतोस?" तुमचं उत्तर ठरलेलं असायचं: "पाण्यात जिवंत मासा पाहिजे. थेम्सचा मला भरवसा नाही." आपल्या ओढ्यात सॅमन यायचे, थेट समुद्रातून, प्रवाहाच्या उलटे पोहत, अंडी घालायला. तुम्ही त्यांना विलायती रावस म्हणायचात. आल्डरच्या झाडाखाली पँट दुमडून तुम्ही पाण्यात उतरायचात, थंडी सोसवत नाही म्हणून तळाच्या खड्यांवर पाय घासत राहायचात, खसखस, खसखस, आणि खिसे उलटे करून झटकायचात. कागदाच्या लगद्याचा पांढरा भुगा पाण्यावरून तरंगत जायचा. मला वाटायचं, हीच ती पापं, आणि एवढीशीच कशी, याचं नवल वाटायचं.

मी काठावर डोळे गच्च मिटून उभी राहायचे. एकदा तुम्ही पाहिलंत. "डोळे उघड. माशाला पापणी नसते, ठाऊक आहे? देवाच्या वतीने तो सारखा बघत असतो, झोपेतसुद्धा. तू मिटलेस म्हणून तो मिटणार आहे का?" पप्पा, लहान मुलीला असं सांगतात का हो? त्यानंतर कित्येक दिवस मी बाथटबमध्ये बसायला घाबरत होते. आई विचारायची, हिला झालंय काय, आणि तुम्ही पेपरचं पान उलटायचात.

मग तुमचं शेवटचं वर्ष. केअर होमच्या खुर्चीतून तुम्ही माझ्याकडे टक लावून बघत राहायचात, आणि मग अगदी अदबीने, "बसा ना. आपण कोणाच्या?" स्वतःच्या मुलीला अहो-जाहो! मी हसण्यावारी न्यायचे आणि घरी येऊन रडायचे. तुमचे डोळे उघडे होते आणि त्यांत मी नव्हते. तुम्ही गेल्यावर मी ओढ्यावर गेले, तेव्हा पाण्यात सॅमन उरलेच नव्हते. ज्याची लहानपणी एवढी भीती वाटली, ते बघणारं कोणीच तिथे नाही, याची मला जास्त भीती वाटली. त्याच आठवड्यात मी ओढा वाचवणाऱ्या गटात नाव दिलं. लोकांना वाटतं, मला निसर्गाची आवड आहे. वाटू दे.

आम्ही दहा-बाराजण आहोत, बहुतेक गुडघे दुखणारे. आमची म्होरकी पोस्टातून रिटायर झालेली बाई आहे, आवाज असा की गुरं बिचकतात. शेतांतली माती ओढ्यात येते, तळाशी गाळ बसतो आणि खड्यांतली अंडी त्याखाली गुदमरतात. म्हणून उन्हाळ्याअखेर आम्ही पाण्यात उतरून बागेच्या फोर्कने तळ उकरतो, गाळ सुटा करून वाहू देतो. काठाला कुंपण घातलं, सावलीसाठी झाडं लावली, मिलचा जुना बंधारा फोडून घेतला. तरी हिवाळ्यामागून हिवाळा गेला, मासा नाही. यंदा ती स्पष्टच म्हणाली, "या डिसेंबरलाही आला नाही, तर गट बंद करू. रिकाम्या घराला किती दिवस झाडू मारायचा?"

नव्याच्या सणाला माझी लेक स्लाऊहून आली होती. धुकं होतं, भरदुपारी समोरचा काठ दिसेना. मी खिसे उलटे केले, बसचं तिकीट निघालं, ते परत आत ठेवलं. तेवढ्यात वरच्या अंगाने आवाज आला. खड्यांवर पाय घासल्याचा. खसखस, थोडं थांबून पुन्हा खसखस. मनात म्हटलं, वय झालंय माझं. पण लेकीने माझा हात धरला. "आई, पाण्यात कोण चालतो? There's nobody there." आवाज आल्डरखाली आला आणि तिथेच थांबला. आम्ही घरी आलो, हलवा खाल्ला.

पुढच्या शनिवारी गट तळ बघायला गेला. सगळीकडे तपकिरी गाळ, आणि आल्डरखाली मात्र चटईएवढी जागा लख्ख, खडे धुतल्यासारखे. फोर्क तिथे कोणी चालवला नव्हता, त्या बाजूला आम्ही पोचलोच नव्हतो. म्होरकीने मला विचारलं, "तू उतरली होतीस?" मी नाही म्हटलं. "मग पाण्याचा भोवरा असेल," ती म्हणाली, पण जागेभोवती वळसा घालून गेली. त्या रात्री मी अंघोळीला टब भरला आणि तसाच सोडून दिला.

डिसेंबरात मासा येतो का ते बघायला ओढ्यावर जायची पाळी माझ्यावर आली. सकाळचं करडं ऊन, काठावर मी एकटी. आल्डरखाली पाणी हललं. आधी दगड वाटला, मग दगडाने कूस बदलली. मादी होती, हातभर लांब, समुद्रातून येऊन झिजलेली, शेपटीची कड पांढरी पडलेली. अंड्यांसाठी खड्डा करायला ती आडवी होऊन तळावर शेपूट आपटत होती, आणि दरवेळी आडवी झाली की तिचा एक डोळा वर यायचा, सरळ माझ्याकडे. मी जागची हलले नाही. अंगावर काटा आला आणि तरी मला फार बरं वाटलं, पप्पा. म्होरकीला फोन केला तर ती पोस्टातल्या त्या आवाजाने रडायलाच लागली. गट राहतोय.

हे पत्र तुम्हाला पोचवायला एकच जागा आहे, आणि ओढ्यात कागदाचा कपटाही टाकायचा नाही हा आमचाच नियम. तेव्हा घरीच राहील. एक मात्र म्होरकीला सांगितलं नाही, लेकीलाही नाही. फोन करण्याआधी मी काठावर वाकले आणि त्या डोळ्याला माझं नाव सांगितलं, मी कोणाची तेही. दोनदा.