जावईबापूंचे स्थलांतर

लिहून ठेवणार : कडू सीताराम महाजन, वय ७९ पूर्ण, शिक्षण इयत्ता चौथी (वर्गात दुसरा), धंदा केळीचे घड भरणे, आता निवृत्त, राहणार लालबाग, बुरहानपूर.

हा मजकूर मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या चष्म्याने आणि कोणाचेही न ऐकता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी मला एकोणतीसचा पाढा विचारावा; मात्र मी हयात असताना विचारावा.

माझ्या आधीची दोन भावंडे पाळण्यातच गेली, म्हणून यमाला चव लागू नये या हेतूने माझे नाव कडू ठेवले. उपाय एकोणऐंशी वर्षे चालला. आता त्याचा गुण संपत आला आहे, असे डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून दिसते.

वकील श्रीकांत यांनी एक मसुदा हिंदीत करून दिला होता. त्यात माझ्या माशाची नोंद ‘अन्य चल संपत्ति’ अशी, पंखा व सायकल यांच्या शेजारी होती. तो मसुदा मी परत केला आहे.

कलम १. लालबागेतील घर मुलगा निरंजन व मुलगी निशा यांना निम्मे निम्मे. निरंजन इंदूरला असतो व घर विकणार आहे. त्याचा दलाल मी खाटेवर पडलेला असताना पुढच्या खोलीचे माप घेऊन गेला. त्याने मला पाय काढण्यास सांगितले. मी काढले नाहीत. त्यामुळे ते माप एक फुटाने कमी आहे. घेणाऱ्याने लक्षात घ्यावे.

कलम २. बँकेतील रक्कम दोघांना सारखी. तिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. घर विकले जाणार म्हणजे मासा हलवावा लागणार, आणि मासा हलवताना मरतो. या मृत्युपत्राचे खरे कारण हे आहे.

हा अरोवाना जातीचा रुपेरी मासा असून लांबी अडीच फूट आहे. नऊ वर्षांपूर्वी माझी पत्नी कै. मालूबाई हिने बोटभर लांबीची दोन पिल्ले हट्टाने आणली. त्यातील एक दिवसभर पुढच्या खोलीत बसून राही, चांगले तेवढेच खाई आणि वाढण्यास उशीर झाला की तोंड फिरवी. त्याचे नाव मी जावईबापू ठेवले, व खरे जावई घरी आले की ते मोठ्याने उच्चारतो. कारण कलम ७ मध्ये दिले आहे.

कलम ४. दुसरा मासा निरंजनने मारला. सहा वर्षांपूर्वी टाकी बदलताना त्याने माझे न ऐकता जाळे घातले. मासा जाळ्यातून उसळून फरशीवर आपटला व तिसऱ्या दिवशी गेला. निरंजन म्हणाला, “बाबा, फिशच तर होती, नवीन आणून देतो ना.” ते जाळे मी जपून ठेवले आहे. ते निरंजनला द्यावे.

कलम ५. माझा देह मागच्या ओसरीत ठेवावा. पुढच्या खोलीत रडू नये. मालूबाई गेली तेव्हा बहादरपूरच्या माझ्या चुलत बहिणीने टाकीच्या काचेला डोके लावून हंबरडा फोडला. मासा झाकणावर आदळला. त्याच्या जबड्यावर खूण अद्याप आहे. बहिणीच्या दुःखाविषयी मला शंका नाही, आवाजाविषयी तक्रार आहे. मृत्युपत्र तेराव्यानंतर वाचण्याची पद्धत असल्याने या कलमाची व पुढच्या सर्व कलमांची प्रत पाकिटात घालून टाकीला चिकटवली आहे. पाकिटावर ‘आधी हे’ असे लिहिले आहे.

कलम ६. हलवण्यापूर्वी माशाचे पोट दोन दिवस रिकामे हवे, नाहीतर तो वाटेत पाणी घाण करतो आणि त्यातच गुदमरतो. आपल्याकडे सुतकात चूल पेटत नाहीच. तेव्हा माशालाही सुतक आहे असे समजावे. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर त्याला हलवावे. मला कसेही नेले तरी चालेल. ज्याला ताण येतो त्याची काळजी घ्यावी.

दिवा बंद करावा. पडदे ओढावेत. कोणीही काचेवर टिचकी मारू नये. केळीच्या घडावर चढवतात तशी लांब, पण बिनभोकाची जाड पिशवी पाण्यात बुडवून तोंड माशापुढे धरावे व तो आपणहून आत येईपर्यंत थांबावे. तो अर्धा तास घेईल. पाण्यासह पिशवी पिंपात, पिंपात जुन्या टाकीचेच पाणी, हवेचा बॅटरीवरचा पंप, वर झाकण, झाकणावर वजन, त्यावर घोंगडी. पिंपाभोवती पेंढा. टेम्पो शेजारचा गिरधर चालवील, आणि निंबोल्याच्या पुढच्या रस्त्याच्या खराब तुकड्यात तो पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जाईल.

निशाकडे, कागद कारखान्याच्या वसाहतीत, सहा फुटी टाकी भाद्रपदापासून भरून चालू आहे. तिचे पाणी पिंपात एकेक तांब्या, दर पाच मिनिटांनी घालावे. घाई झाल्यास माझा पाढा म्हणावा. पहिल्या दिवशी खाऊ घालू नये. मागेल, तरी नाही.

कलम ७. अकरा वर्षांपूर्वी निशाच्या लग्नात, मी स्वतः भट्टीत धुरी देऊन पिकवलेली केळी पंगतीत वाढली. नवरदेव धर्मेंद्र, कागद कारखान्यात नोकरीस, यांनी शेजारच्याला विचारले की ही पावडरने पिकवलेली आहेत का. वाढणारा मी होतो. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोललेलो नाही. एका खोलीत बसूनही निशामार्फत विचारतो, की त्यांना मीठ हवे का. मीठ त्यांच्या हातापाशीच असते.

यंदाच्या वैशाखात जुन्या टाकीचा सांधा सुटला. निरंजनने फोनवर सांगितले की रविवारी येतो, तोवर बादलीत ठेवा. निशा तासाभरात धर्मेंद्ररावांना व एक नवी टाकी घेऊन आली. चार तास आम्ही दोघांनी मासा हलवला. बोलायचे नाही हा नियम माशासाठी होता, त्यामुळे कोणाचीच मान खाली गेली नाही.

त्यांनी मी लग्नात घातलेली अंगठी काढून मालूबाईच्या फोटोपुढे ठेवली, कोपरापर्यंत हात ओले केले. मासा नव्या टाकीत कलंडला तेव्हा एक तळवा डोक्यामागे जड बाजूला, दुसरा शेपटीकडे, बोटे मोकळी, असा त्यांनी तो खालून धरला. घड असाच धरतात. दाबत नाहीत, तोलतात. चाळीस वर्षांत मी हे शेकडो माणसांना शिकवले. पाच जणांना आले. यांना कोणी शिकवले, मला माहीत नाही.

थोड्या वेळाने ते म्हणाले, “मामा, हात काढू का?”

मासा सरळ झाला होता. कल्ले संथ चालत होते. उत्तर सोपे होते. मी भिंतीकडे पाहिले. निशा स्वयंपाकघरात असल्याने उत्तर पोचवणारे कोणी नव्हते, आणि ते हात न काढता पंधरा मिनिटे वाकून उभे राहिले. निशा चहा घेऊन आली, दोघांना पाहून म्हणाली, “बाबा, बोलायला दात पडले का तुमचे?”

दात पडले आहेत हे खरे आहे. कारण ते नव्हते.

म्हणून मासा, टाकी, माझा कोयता व घड वाहण्याची खांद्याची गादी मी धर्मेंद्ररावांना देतो. माशाचे नाव त्यांनी बदलावे. सासरेबुवा ठेवल्यास माझी हरकत नाही.

कलम ८. साक्षीदाराला काही मिळू शकत नाही असे वकील म्हणतात, म्हणून गिरधरला देऊ केलेली सायकल परत घेत आहे. ती निशाने भंगारात द्यावी. गिरधरने विकत घेतल्यास त्याचे नशीब.

कलम ९. निशाकडच्या टाकीत धर्मेंद्ररावांनी मासा तसाच खालून धरावा. तो सरळ होऊन कल्ले संथ चालू लागले की निशाने खालची ओळ हळू आवाजात वाचावी. तिला मध्ये घालण्याची ही शेवटची वेळ आहे.

धर्मेंद्रराव, हात काढा. चहा गार होतो आहे.

सही : कडू सीताराम महाजन
आमच्यासमोर सही केली, रागावून पण शुद्धीत :
१) गिरधर पाटील, टेम्पोचालक, लालबाग
२) चारुलता जोशी, निवृत्त शिक्षिका, लालबाग (शुद्धलेखन तपासले, चूक नाही)
ठिकाण : लालबाग, बुरहानपूर. दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५